स्नेकस्किन डेल्टा गप्पींचा वंश पाचव्या पिढीत खालावतो आहे. बाहेरचे रक्त आणावे का?

नीलपुच्छ

नमस्कार. सुमारे दोन वर्षांपूर्वी एक नर आणि दोन माद्या घेऊन मी स्नेकस्किन डेल्टा गप्पी माशांची लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून चालवलेला एक वंश, सुरू केली. अंगावर सापाच्या कातीसारखी बारीक, अखंड नक्षी असावी आणि तिच्यामागे फिकट निळी, सरळ कडेची, त्रिकोणी शेपटी उघडावी, एवढे दोनच गुण पक्के करण्याचा माझा हेतू होता. प्रत्येक पिढीत जो नर सर्वांत आधी रंगावर येईल तो आठव्या-नवव्या आठवड्यात निवडायचा आणि दोन-तीन बहिणींबरोबर त्याला वेगळ्या टँकमध्ये ठेवायचे, हा क्रम मी कधी मोडला नाही. तिसऱ्या पिढीपर्यंत त्याने उत्तम फळ दिले. त्या पिढीतल्या काही नरांच्या शेपट्या इतक्या भरल्या होत्या की वळताना त्या एका बाजूला झुकत, आणि नक्षी थेट डोळ्यांपर्यंत पोहोचली होती.

सध्याची पाचवी पिढी चौदा आठवड्यांची आहे आणि तिच्याकडे पाहून मन खिन्न होते. ३१ नरांपैकी मनासारखी शेपटी केवळ ७ जणांची आहे. बहुतेक नर आपल्या पणजोबांपेक्षा स्पष्टपणे लहान आहेत, आणि शेपटीच्या बुडाशी शरीर इतके निमुळते झाले आहे की मोठी शेपटी त्यांना पेलणारही नाही. ५ नर आणि ४ माद्या यांच्या कण्याला बाक आहे. वरून पाहिले की शरीर किंचित नागमोडी दिसते. पूर्वी एका वेताला ४० ते ४५ पिल्ले होत असत, ती संख्या आता १५ ते १८ वर आली आहे. पाण्याचे तापमान २८ अंश सेल्सिअस असते, आठवड्यातून दोनदा एक तृतीयांश पाणी बदलले जाते आणि पिल्लांना ताजी आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जिवंत खाद्य) दिवसातून दोनदा मिळते, त्यामुळे निगराणीत मोठी चूक होत असेल असे मला वाटत नाही.

हा सारा परिणाम जवळच्या नात्यातील प्रजननाचाच आहे का? बाहेरून एक मोठा, दमदार नर आणून माझ्या माद्यांना लावला तर वंश सावरेल का? आणि ज्यांच्या भावंडांना बाक आहे अशा सरळ कण्याच्या माद्या पुढे वापराव्यात की नाही? माझ्याकडे ६ टँक आहेत.

काचघर

तुम्ही आकडे दिले आहेत, म्हणून नेमके बोलता येईल. पिल्ले कमी होणे, नर लहान होणे आणि कणे वाकणे या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचे खापर एकाच कारणावर फोडले तर उपायही चुकेल.

पिल्लांची घटलेली संख्या मात्र बहुतांशी नात्यातल्या प्रजननाचीच खूण मानावी लागेल. मूळ जोडी परस्परांच्या नात्यातली नव्हती असे धरले, तरी सख्ख्या बहीण-भावांचा संबंध सलग होत राहिला की अंतःप्रजननाचा गुणांक दुसऱ्या पिढीत २५ टक्के, तिसऱ्या पिढीत ३७.५, चौथ्या पिढीत ५० आणि पाचव्या पिढीत सुमारे ५९ टक्क्यांवर जातो. याचा अर्थ असा की एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक झाली आहे. तुमच्या काही जोड्या सावत्र भावंडांच्या असतील, तर आकडा थोडा खाली येईल. पण विकत घेतलेल्या रंगीत गप्पी सहसा आधीच एका घरातल्या असतात, म्हणून तो वरही जाऊ शकेल. प्रजननक्षमता आणि पिल्लांची तग धरण्याची ताकद यांवर या गोष्टीचा घाव सर्वांत आधी बसतो.

नर लहान होण्यामागे मला वेगळे कारण दिसते, आणि ते तुमच्याच वर्णनात आहे. जो नर सर्वांत आधी रंगावर येतो तो तुम्ही निवडता. गप्पीचा नर वयात आला, म्हणजे त्याच्या गुदपराचे रूपांतर होऊन गोनोपोडियम, म्हणजे मीलनाचा अवयव, पूर्ण झाले, की त्याची वाढ जवळजवळ थांबते. मादी आयुष्यभर वाढत राहते, नर तसा वाढत नाही. त्यामुळे आठव्या आठवड्यात झळकणारा नर हा बहुधा लवकर वयात आलेला आणि म्हणून लहान राहणारा नर असतो; आणि ज्याचा रंग अजून उतरायचा आहे, जो मादीसारखा करडा दिसतो आहे, तो भाऊ पुढे अंगाने भरतो आणि मोठी शेपटी पेलतो. तुम्ही पाच पिढ्या शेपटीची निवड करत आहोत असे समजत होता. प्रत्यक्षात निवड होत होती ती लवकर वयात येण्याची.

ही निवड किती वेगाने काम करते याचे निसर्गातले उदाहरण प्रसिद्ध आहे. त्रिनिदादमध्ये १९७६ साली गप्पींना मोठ्या शिकारी माशांच्या ओढ्यातून उचलून अशा ओढ्यात सोडले गेले, जिथे प्रौढ गप्पींना तो धोका नव्हता. अकरा वर्षांनी, म्हणजे ३० ते ६० पिढ्यांनंतर, तिथले मासे उशिरा आणि मोठ्या आकाराचे होऊन वयात येत असल्याचे दिसले, आणि तो फरक प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्यांच्या संततीतही टिकला. तिथे निवड शिकाऱ्यांनी केली होती, आपल्याकडे ती आपल्या हातातली जाळी करते. त्यात तुमचे २८ अंशांचे पाणी भर घालते, कारण उष्ण पाण्यात मासा लवकर वयात येतो आणि आकाराने लहान राहतो. तापमान २४ ते २५ अंशांवर आणावे. घटलेल्या आकाराचा काही भाग तेवढ्यानेच भरून येईल आणि आनुवंशिक घट खरोखर किती आहे हेही कळेल.

आता बाहेरच्या नराविषयी. माझे स्पष्ट मत आहे की नर आणू नये, मादी आणावी. गप्पीमध्ये नराकडे एक्स आणि वाय अशी गुणसूत्रे असतात. १९२० साली योहानेस श्मिट यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून दाखवून दिले की नराच्या पृष्ठपरावरचा एक काळा ठिपका बापाकडून सर्व मुलांना जातो आणि मुलींमार्फत कधीच पुढे जात नाही. पुढे ओइविंद विंगे यांनी त्याच माशांवर काम करून रंगांची बरीच जनुके वाय आणि एक्स यांवर असल्याचे दाखवले. स्नेकस्किनची अंगावरची नक्षी बहुतेक लाइनींमध्ये वायवरच चालते. तुम्ही बाहेरचा नर लावला तर पुढच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाकडे त्याचा वाय असेल आणि तुमचा वाय, म्हणजे पाच पिढ्यांची नक्षी, एका वेतात संपेल. बाहेरची मादी आणून तिला तुमचा नर दिला तर वाय तुमचाच राहतो.

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. मुलाला एक्स गुणसूत्र मिळते ते फक्त आईकडून, आणि शेपटीचा रंग व घेर यांचा मोठा वाटा त्या एक्सवर आणि इतर साध्या गुणसूत्रांवर असतो. बहिणी कशा निवडल्या याविषयी तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही. मादीवर नक्षी दिसत नाही म्हणून तिच्यात निवडण्यासारखे काही नाही असा समज फार पसरलेला आहे आणि वंश बिघडण्याचे ते मोठे कारण आहे. मादीची शेपटी रुंद आणि कड सरळ असावी, शेपटीच्या बुडाशी शरीर जाड असावे, पाठीची रेषा डोक्यापासून शेपटीपर्यंत खोलगट नसावी. उजेडाच्या दिशेने तिला पाहिले तर शेपटीत फिकट निळसर झाक आहे की केवळ करडी पारदर्शकता आहे, हेही कळते. चांगल्या लाइनीतल्या दहा माद्या एका उथळ पांढऱ्या भांड्यात घेऊन पाच मिनिटे शांतपणे पाहिल्या, तर त्यांतल्या दोन इतरांपेक्षा वेगळ्या आहेत हे नवख्यालाही दिसते.

बाहेरची मादी आणताना ती नराचा संपर्क न आलेलीच असली पाहिजे. गप्पीची मादी एका मीलनातले शुक्राणू साठवून अनेक महिने वेतामागून वेत देत राहते, त्यामुळे नरांच्या टँकमधून उचललेली मोठी, गाभण मादी घरी आणली तर पहिल्या वेतात कोणाची पिल्ले आहेत हे सांगणे अशक्य होते. चार आठवड्यांच्या आतली पिल्ले आणून त्यांतल्या माद्या आपल्याकडे वेगळ्या वाढवणे हा खात्रीचा मार्ग आहे. गुदपराच्या वर काळसर डाग दिसू लागला की ती मादी समजावी, आणि तिसऱ्या आठवड्यापासून रोज एकदा पाहणी करावी.

पाणशाळा

काचघर यांच्या विवेचनात मला एक भर घालायची आहे. वाकलेला कणा दिसला की आपण लगेच नात्यातल्या प्रजननाकडे बोट दाखवतो, पण माशांच्या क्षयामुळेही कणा वाकतो. मायकोबॅक्टेरियम गटातले जंतू मत्स्यालयात वर्षानुवर्षे राहू शकतात. मासा हळूहळू खंगतो, पोट आत जाते, खवल्यांवर किंवा कातडीवर व्रण येतात आणि पाठ वाकते. हे जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतूनही शिरतात आणि बऱ्या व्हायला महिने लागणाऱ्या गाठी उठवतात, म्हणून हाताला कापले असेल तर हातमोज्यांशिवाय टँकमध्ये हात घालू नये आणि पाण्याची नळी तोंडाने ओढू नये. माझ्या एका टँकमध्ये असे झाले होते. मी सहा महिने जोड्या बदलत राहिलो, आणि शेवटी पशुवैद्यांकडून तपासणी केल्यावर कारण कळले. साठवलेल्या जुन्या खाद्यात क जीवनसत्त्व उरलेले नसते, त्यानेही वाढत्या पिल्लांचे कणे वाकतात.

ओळखण्याची सोपी खूण अशी की जन्मतः वाकलेले पिल्लू आनुवंशिक दोषाचे असते आणि जन्मतः सरळ असून नंतर वाकलेला मासा रोगाचा असतो.

बाहेरून येणारी मादी कितीही निरोगी दिसली तरी सहा आठवडे तिला वेगळ्या टँकमध्ये, वेगळ्या जाळीने आणि वेगळ्या नळीने सांभाळावे.

जलवेल

मला सोपा उपाय सुचवावासा वाटतो. अंगात ताकद आणायची असेल तर एंडलर जातीचा नर किंवा मादी एकदा लावून पाहावी. त्या माशांची चपळता आणि काटकपणा अतुलनीय आहे आणि गप्पीशी त्यांचा संकर सहज होतो, संततीही प्रजननक्षम असते. माझ्याकडच्या अशा संकरातली पिल्ले पहिल्या दिवसापासून दणकट होती आणि एकाही पिल्लाला बाक नव्हता.

संथपाणी

पाणशाळा आणि जलवेल यांच्या प्रतिसादांतल्या एकेका विधानाशी मी सहमत नाही, आणि नीलपुच्छ यांनी त्यांवर विसंबून निर्णय घेऊ नये म्हणून सविस्तर लिहितो.

जन्मानंतर वाकलेला कणा रोगाचाच असतो, ही खूण गप्पीच्या बाबतीत फसवी आहे. गप्पीमध्येच कर्व्हबॅक नावाचा आनुवंशिक दोष ज्ञात आहे. त्यात पिल्लू सरळ जन्मते, वाढीच्या काळात बाक दिसू लागतो, वयात येईपर्यंत तो वाढत जातो आणि मग बहुतेक वेळा स्थिरावतो. माद्यांमध्ये बाक अधिक तीव्र असतो. माणसांच्या मुलांमध्ये वाढीच्या वयात कारणाशिवाय येणाऱ्या कण्याच्या वक्रतेशी त्याचे इतके साम्य आहे की २००७ पासून त्या आजाराच्या अभ्यासासाठी हा मासा नमुना म्हणून वापरला गेला. त्यामुळे बाक कधी आला यापेक्षा तो कोणाच्या पोटी आला हे विचारावे. रोग असेल तर तो टँकमध्ये पसरतो, त्या टँकमधल्या वेगवेगळ्या घरांतल्या माशांना होतो आणि त्यांच्यासोबत खंगलेले, न खाणारे मासेही दिसतात. आनुवंशिक असेल तर तो एकाच आईच्या किंवा एकाच जोडीच्या पिल्लांत साठतो आणि ते मासे एरवी नीट खातात, पोहतात. नीलपुच्छ यांच्याकडे कोणते पिल्लू कोणत्या मादीचे याची नोंद असेल तर हा प्रश्न आजच सुटेल.

एंडलरविषयी. हा मासा गप्पीचा जवळचा नातलग असला तरी २००५ मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले, आणि ते नाव, पोसिलिया विंगेई, वर उल्लेख आलेल्या विंगे यांच्याच गौरवार्थ ठेवले आहे. काटकपणाबद्दल जलवेल यांचे निरीक्षण बरोबर आहे. पहिल्या संकरित पिढीत तो दिसतोच. पण एंडलर हा लहान अंगाचा आणि आखूड शेपटीचा मासा आहे. अंगाची भरण आणि डेल्टा शेपटी हे दोन गुण परत मिळवायचे असताना त्या दोन्हींच्या विरुद्ध टोकाचा मासा वंशात आणला, तर नको असलेली जनुके वेचून काढण्यातच पुढच्या अनेक पिढ्या जातील. शिवाय शुद्ध एंडलर जपणाऱ्यांच्या दृष्टीने असे संकरित मासे बाहेर जाणे हे मोठे नुकसान आहे, कारण ते दिसायला एंडलरसारखे असले की पुन्हा ओळखता येत नाहीत.

दोन जातींचा संकर म्हणजे नेहमी ताकदच, असे धरून चालणे धोक्याचेही ठरते. प्लॅटी आणि स्वोर्डटेल या मत्स्यालयातल्या दोन जातींच्या संकराचा धडा या छंदातल्या प्रत्येकाला ठाऊक असावा. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मायरन गॉर्डन, कुर्ट कॉसविग आणि गेऑर्ग हॉयस्लर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की काळे ठिपके असलेल्या प्लॅटीचा स्वोर्डटेलशी संकर केला की संततीत ते ठिपके पसरतात, आणि ती संतती पुन्हा स्वोर्डटेलला लावली की काही पिल्लांत त्याच काळ्या रंगाचा कर्करोग होतो. प्लॅटीमध्ये त्या रंगाला लगाम घालणारे जनुक वेगळ्या गुणसूत्रावर असते. संकरात रंग येतो आणि लगाम मागे राहतो. पहिल्या पिढीत तर तो मासा अधिक गडद आणि अधिक देखणा दिसतो. गप्पी आणि एंडलर यांच्यात असा रोग होतो असे मी म्हणत नाही, पण पहिल्या पिढीच्या देखणेपणावरून संकराचा निवाडा करू नये, एवढे या उदाहरणावरून पटावे.

नीलपुच्छ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री नोंदवही घेऊन बसलो. मी प्रत्येक मादी व्यायच्या आधी वेगळी करतो, त्यामुळे पाचव्या पिढीची घरे स्पष्ट आहेत. बाप एकच, माद्या तीन. पहिल्या मादीची दोन वेते मिळून ३३ पिल्ले वाढली आणि वाकलेले नऊही मासे तिचेच आहेत. दुसऱ्या मादीची १७ आणि तिसऱ्या मादीची १५ पिल्ले आहेत. त्या ३२ मध्ये एकही वाकलेला नाही. पहिल्या दोन्ही माद्यांची पिल्ले एकाच टँकमध्ये वाढली होती, खाद्य तेच होते, आणि वाकलेले मासे खाण्यात मागे नाहीत.

दुसरी गोष्ट वाचून मला वाईट वाटले, पण ती लिहिली पाहिजे. चौथ्या पिढीत मी ज्याला निवडले त्याचा एक भाऊ सतराव्या आठवड्यात त्याच्यापेक्षा कितीतरी भरदार झाला होता, अशी माझीच नोंद आहे. तोपर्यंत निवडलेल्या नराची पिल्ले जन्मली होती आणि त्या भावाला मी एका मित्राला देऊन टाकले.

म्हणजे आता पहिल्या मादीचे पूर्ण घर बाजूला काढले की बाकाचा प्रश्न मिटला, असे समजावे का? आणि बाहेरची मादी आणल्यावर पहिल्या पिढीतल्या मुलांच्या शेपट्या माझ्यासारख्या नसल्या तर पुढे कोणाला ठेवावे?

काचघर

तुमच्या नोंदींनी रोगाची शंका बरीच दूर केली आहे. एकाच पाण्यात वाढलेल्या दोन घरांपैकी एकाच घरात बाक साठला आहे. ३३ पैकी ९ हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या इतके जवळ आहे की एका अप्रभावी जनुकाचे साधे गणित लावून पाहायला हरकत नाही. प्रत्यक्षात कण्याचे दोष अनेकदा एकाहून अधिक जनुकांचे असतात, पण निर्णयासाठी हे गणित सावध बाजूचे आहे.

त्या गणिताने पाहिले तर बाकाचा प्रश्न मिटलेला नाही. वाकलेल्या पिल्लाला दोषी जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. म्हणजे बापही वाहक आहे, स्वतः सरळ असून दोषी जनुकाची एक प्रत बाळगणारा, आणि तो तिन्ही घरांचा बाप आहे. दुसरी मादी वाहक असती तर तिच्या १७ पिल्लांत एकही वाकलेले न निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होती. तिसरीच्या १५ पिल्लांच्या बाबतीत ती शंभरात एकाहून थोडी अधिक येते. त्यामुळे या दोन माद्या निर्दोष मानाव्यात, पण त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांकडे बापाचे दोषी जनुक लपलेले असणार. पहिल्या घरातल्या सरळ भावंडांपैकी तर दोन तृतीयांश वाहक असतील. म्हणून तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की त्या घरातली सरळ, देखणी मादीसुद्धा पुढे वापरू नये. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. त्या ७ चांगल्या नरांपैकी कोणी त्या घरातला असेल, तर त्यालाही सोडावे लागेल, आणि मला कल्पना आहे की हे जड जाईल.

वाकलेल्या माशांना, ते नीट खात-पोहत असतील तोवर, नर वेगळे आणि माद्या वेगळ्या असे आयुष्य काढू द्यावे. ज्याला पोहणेच अवघड झाले आहे त्याला पाण्यात मिसळलेल्या लवंगतेलाच्या पुरेशा मात्रेने शांतपणे निरोप देता येतो. नदी-तलावात कोणालाही सोडू नये. गप्पी मूळ घरापासून दूर अनेक देशांच्या पाण्यात आधीच पसरली आहे.

आता बाहेरच्या मादीचे. एक न आणता एकाच वेतातल्या दोन किंवा तीन माद्या आणाव्यात, डेल्टा शेपटीच्या, जमल्यास स्नेकस्किनच, आणि भरदार अंगाच्या घरातल्या. त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या घरातले दोन वेगवेगळे नर द्यावेत, म्हणजे एक नर वाहक निघाला तरी सारे घर त्यावर अवलंबून राहणार नाही. आलेल्या पहिल्या पिढीतल्या मुलांकडे वाय तुमचा आणि एक्स बाहेरचा असेल. नक्षी राहील, शेपटीचा रंग आणि घेर मात्र बदललेला दिसेल, आणि इथे बहुतेक जण धीर सोडून ती पिढी काढून टाकतात. दिसण्यावरून तो वंश अशुद्ध झाला असे समजू नये. काही गुण मुळातच दोन वेगळ्या प्रतींच्या मिलाफाने दिसतात. फायटर माशांमधला गडद निळा रंग स्टील ब्लू आणि टर्क्वाइज यांच्या जोडीतून शंभर टक्के येतो, आणि दोन गडद निळे एकमेकांना लावले तर पुन्हा एक चतुर्थांश स्टील, निम्मे निळे आणि एक चतुर्थांश टर्क्वाइज असे फुटतात. मासा काय दिसतो आणि त्याच्यापासून काय निघेल, हे वेगळे प्रश्न आहेत.

पहिल्या पिढीतून कोणाला ठेवायचे, हे इथे सर्वांत महत्त्वाचे आहे. मुलांतले अंगाने सर्वांत भरदार असे दोन-तीन नर ठेवा, शेपटीकडे दुर्लक्ष करा, आणि त्यांना तुमच्या जुन्या लाइनीच्या दुसऱ्या-तिसऱ्या घरातल्या माद्या द्या. त्या जोडीतून होणाऱ्या मुलांना वाय मिळेल तो तुमच्या लाइनीचा आणि एक्स मिळेल तोही तुमच्या लाइनीचा, कारण त्यांची आई तुमची आहे. म्हणजे लिंग गुणसूत्रांवरची नक्षी आणि रंग जसेच्या तसे परत येतील, आणि उरलेल्या गुणसूत्रांत सरासरी एक चतुर्थांश रक्त बाहेरचे असेल, ज्याची तुम्हाला खरी गरज आहे. एक्स आणि वाय यांच्यात क्वचित देवाणघेवाण होते, हेही विंगे यांनीच दाखवले होते, म्हणून एखादा मुलगा वेगळा निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नये. या पिढीत मुली ठेवताना मात्र काळजी घ्यावी. त्यांच्याकडे एक एक्स बाहेरचा आणि एक तुमचा असतो, त्यामुळे त्यांची मुले दोन तऱ्हेची निघतील. शेपटी पक्की करायची असेल तर त्यांना पुन्हा तुमच्याच नराला लावून, त्यातून होणाऱ्या ज्या मुलीची सर्व मुले जुन्या शेपटीची निघतील तिचे घर पुढे चालवावे.

टँकची विभागणी अशी करता येईल. तीन टँकमध्ये तीन नवी घरे, प्रत्येकात दोन नर आणि चार माद्या. एका टँकमध्ये वाढते नर, एकात वाढत्या माद्या, आणि सहावा टँक बाहेरून येणाऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी राखीव. दर पिढीला नर पहिल्या घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून पहिल्यात हलवावेत. माद्या आपल्याच घरात राहतील. सहा नर आणि बारा माद्या यांचा परिणामकारक समूह, म्हणजे नात्याच्या हिशोबाने खरोखर मोजला जाणारा समूह, १६ माशांच्या बरोबरीचा होतो आणि अंतःप्रजननाचा गुणांक पिढीला सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. एक नर आणि दोन माद्या यांच्या तुमच्या जुन्या पद्धतीत तो जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढत होता. प्रत्येक घरात निदान एक नर मध्यम शेपटीचा पण चपळ ठेवावा, कारण फार मोठ्या शेपटीचा नर मादीच्या मागे पोहून दमतो. मात्र त्याच टँकमध्ये आखूड शेपटीचा भाऊ राहू देऊ नका. तो आधी पोहोचतो आणि पिल्ले त्याची होतात.

नरांची पहिली वेचणी तीन महिन्यांना केवळ दोषांसाठी करा आणि अंतिम निवड चार महिन्यांच्या आधी करू नका. पिल्लांच्या टँकमध्ये सहाव्या आठवड्यात जे नर रंगावर आले असतील त्यांची नोंद करून ठेवा, आणि चौथ्या महिन्यात त्याच माशांची लांबी उशिरा आलेल्यांच्या शेजारी मोजा. तुमच्या त्या सतराव्या आठवड्यातल्या नराचा मित्राकडे अजून ठावठिकाणा असेल, तर बाहेरची मादी शोधण्याआधी त्याची चौकशी करा. तो वाहक असण्याची शक्यता आहे, पण अंगाची जी भरण तुम्ही गमावली ती त्याच्याकडे आहे आणि वायही तुमचाच आहे. नराचा संपर्क न आलेल्या एका वाकलेल्या मादीला तो लावून पंधरा-सोळा पिल्लांचे कणे तीन महिन्यांपर्यंत पाहिले, की त्याला ठेवायचे की नाही हे ठरवता येईल.